एका संगणकात चार बिऱ्हाडं

आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लाकडी मांडणी आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिच्यावर पाच संगणक ओळीनं ठेवलेले होते आणि ते रात्रंदिवस चालू असत. पहिल्यावर सगळ्यांच्या फाइली असत. दुसऱ्यावर मूडल होतं. त्यावर विद्यार्थी आपले गृहपाठ आणि प्रयोगांचे अहवाल जमा करत. तिसरा छतावरच्या हवामानयंत्राकडून दर मिनिटाला तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब घेऊन टिपून ठेवी. चौथ्यावर विंडोज होतं, कारण सामानाच्या नोंदवहीचं एक जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नव्हतं. पाचव्याला एक म्हातारा वर्णपटमापक जोडलेला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या संगणकाचा वीज पुरवणारा भाग जळाला. तसा भाग बाजारात मिळेना. मिळेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि ते नेमके पहिल्या पावसाचे नऊ दिवस होते. पाऊस येण्याआधी हवेचा दाब कसा बदलतो यावर आमची एक विद्यार्थिनी वर्षभर काम करत होती. तिच्या आलेखात जिथे सगळी गंमत असायला हवी, तिथे एक कोरी पट्टी राहिली. उरलेले चार संगणकही त्याच वयाचे होते. पुढे कोणाची पाळी, एवढाच प्रश्न होता.

पाच नवे संगणक घ्यायला पैसे नव्हते. मंजूर रक्कम होती एक लाख रुपये, आणि तीही सगळं मिळून. तेव्हा पाचांऐवजी एकच बरा संगणक घ्यावा आणि त्याच्या पोटात बाकीचे ‘आभासी’ संगणक चालवावेत, असं ठरलं. हे करून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे ऐकून होतो. फुकटात कोणतं घ्यायचं, हे ठरवताना मात्र आम्हांला बरंच शिकावं लागलं. शाळा-महाविद्यालयांतून आता संगणकांची संख्या वाढली आहे आणि पैशांची तंगी तशीच आहे, म्हणून हा अनुभव थोडा विस्तारानं सांगतो.

आधी एक साधा हिशेब करू. जुना संगणक काहीही काम न करता नुसता चालू असला तरी सुमारे ६० वॅट वीज घेतो असं धरा. पाच संगणकांचे झाले ३०० वॅट. वर्षात ८७६० तास असतात. म्हणजे ३०० वॅटनं वर्षाला २६२८ युनिट वीज जाते. युनिटला दहा रुपये धरले तर २६,२८० रुपये होतात! त्याऐवजी एकच संगणक सरासरी १०० वॅट घेत असेल, तर ८७६ युनिट, म्हणजे ८,७६० रुपये. एक लाखाच्या खरेदीतला मोठा वाटा पाच-सहा वर्षांत नुसत्या विजेच्या बिलातून सुटतो. आपल्या शाळेचे आकडे घालून विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावं.

आणि एवढी वीज खाऊन हे संगणक काय करत होते? जवळजवळ काहीच नाही. आम्ही एक आठवडाभर मोजून पाहिलं. हवामानाच्या संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, मिनिटातून क्षणभर जागा होई. मूडलवर गर्दी असे ती फक्त अहवाल जमा करायच्या शेवटच्या रात्री. सगळ्यांना एकाच वेळी काम आहे असं फारसं कधी घडतच नव्हतं. एकाच्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचं काम करून घेता येतं, या साध्या गोष्टीवर हे सगळं तंत्र उभं आहे.

वाडा आणि बिऱ्हाडं

जुन्या वाड्याचं उदाहरण घेऊ. वाडा एकच, पण त्यात चार बिऱ्हाडं. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, चूल वेगळी. एका घरात भांडण झालं तर दुसऱ्याच्या घरातली भांडी पडत नाहीत. नळ आणि जिना मात्र सामाईक, आणि तिथे कोणाची पाळी केव्हा हे वाड्याचा मालक ठरवतो. खऱ्या संगणकात मालकाचं हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक आभासी संगणक. त्यात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि आपण एका संपूर्ण संगणकावर एकट्यानंच राहतो आहोत अशीच तिची समजूत असते.

ही समजूत टिकवणं सोपं नाही. प्रोसेसरला मिळणाऱ्या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, अशा आज्ञा कोणीही द्याव्यात; त्यानं शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. पण स्मृतीचा नकाशा बदल, बाहेरून येणारे सगळे इशारे बंद कर, अशा आज्ञा मालकानंच द्यायच्या असतात. भाडेकरूनं तशी आज्ञा दिली तर प्रोसेसरनं तिथेच थांबून मालकाला हाक मारली पाहिजे. मालक येतो, मागणी पाहतो, त्या भाडेकरूपुरतं तसं झाल्याचं दाखवतो आणि काम पुढे चालू होतं. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी हा नियम नेमक्या शब्दांत मांडला: यंत्राच्या मूळ व्यवस्थेला हात घालणारी प्रत्येक आज्ञा अशी अडवली जात असेल, तर त्या यंत्रावर आभासी यंत्र उभारता येतं.

ही कल्पना आजची नव्हे. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या गटानं १९६०च्या दशकातच मोठ्या संगणकांवर हे करून दाखवलं होतं, आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या नावानं ते ग्राहकांना मिळूही लागलं. मग आपल्या टेबलावरच्या संगणकांवर यायला एवढा उशीर का झाला?

कारण इंटेलच्या ज्या घराण्यातले प्रोसेसर आपण सगळे वापरत होतो, ते पोपेक आणि गोल्डबर्ग यांचा नियम पाळत नव्हते. काही आज्ञा अशा होत्या, की भाडेकरूनं दिल्या तर त्या अडवल्याही जात नसत आणि पाळल्याही जात नसत. ‘पॉपएफ’ ही त्यांतली एक. बाहेरचे इशारे बंद करण्याचा प्रयत्न तिच्यातून केला, तर प्रोसेसर ती आज्ञा निमूटपणे वाचतो, त्यातला तेवढा भाग सोडून देतो आणि पुढे जातो. काही कचेऱ्यांत अर्ज घेऊन ठेवणारे लोक भेटतात. ते नाहीही म्हणत नाहीत आणि कामही करत नाहीत. तसलाच हा प्रकार! नाही म्हणाले असते तर आपण वरच्या साहेबांकडे तरी गेलो असतो. पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा १७ आज्ञा असल्याचं २००० साली एका अभ्यासात दाखवण्यात आलं.

यावर तीन उपाय निघाले. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीनं भाडेकरूच्या आज्ञा चालू असतानाच वाचून, त्यांतल्या अडचणीच्या आज्ञांच्या जागी दुसऱ्या घालणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. ते करायला अवघड होतं आणि अर्थातच विकत होतं. २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ आलं. त्यानं वेगळा मार्ग धरला: भाडेकरूलाच सांगून टाकायचं, की बाबा, तू भाड्यानं राहतो आहेस, तेव्हा असल्या गोष्टी हव्या असतील तर सरळ मालकाकडे माग. यात वेग चांगला मिळे, पण त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्येच बदल करावा लागे. तिसरा उपाय प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच केला. २००५च्या अखेरीस इंटेलनं आणि २००६ मध्ये एएमडीनं प्रोसेसरमध्येच मालकासाठी एक वेगळी पायरी घडवली. आता भाडेकरूच्या अडचणीच्या आज्ञा आपोआप मालकाकडे जाऊ लागल्या.

आपल्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची घटना हीच. जे काम करायला आधी अतिशय चतुर सॉफ्टवेअर लागत होतं, त्यातलं सगळ्यांत कठीण काम सिलिकॉननं उचललं. मागे उरलेलं सॉफ्टवेअर एखाद्या लहान गटालाही लिहिता येण्याजोगं झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत ‘केव्हीएम’ नावाचा भाग आला, आणि लिनक्स स्वतःच वाड्याचा मालक होऊ शकू लागलं. तेही फुकट, आणि सगळ्यांना वाचायला खुलं. आज जगातले मोठमोठे संगणक-कारखाने केव्हीएमवर चालतात.

आपल्या संगणकात ही सोय आहे की नाही, हे तपासायला सोपं आहे. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती पाहिली, की इंटेलच्या प्रोसेसरवर ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडीच्या प्रोसेसरवर ‘एसव्हीएम’ ही अक्षरं दिसतात. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत ती असतात. पण बायोसमध्ये ही सोय पुष्कळदा बंद करून ठेवलेली असते! आमचा अर्धा दिवस यात गेला. नवा संगणक बिघडलेला आला, असं म्हणून दुकानदाराला फोन करण्यापर्यंत मजल गेली होती.

पैसे कुठे घालावेत

संगणक घ्यायला गेलो, की दुकानदार प्रथम प्रोसेसरचं कौतुक सांगतो. आभासी संगणकांसाठी त्याची चिंता सर्वांत कमी करावी. प्रोसेसरचा वेळ वाटून घेता येतो. स्मृती तशी वाटता येत नाही. विंडोजला दिलेली आठ जी.बी. विंडोज झोपलं असलं तरी त्याच्याकडेच राहते. काही भाडेकरूंकडे अगदी सारखी पानं असतील तर लिनक्स ती एकदाच ठेवतं, ही युक्ती २००९ पासून आहे. पण तिच्या भरवशावर स्मृती कमी घेऊ नये. आमचा हिशेब असा होता: फाइलींना ४, मूडलला ८, हवामानाला १, विंडोजला ८ आणि खुद्द मालकाला ४, एकूण २५ जी.बी. म्हणून ३२ जी.बी. घेतली आणि पुढे वाढवता यावी म्हणून दोन खाचा मोकळ्या ठेवल्या.

दुसरी जागा डिस्कची. इथे थोडं भौतिकशास्त्र करू या. जुन्या पद्धतीची फिरणारी डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती तबकडीवर कुठेही असू शकते, म्हणून सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. वाचणारी सुई योग्य वर्तुळावर नेऊन ठेवायला साधारण आणखी ८-९ मिलिसेकंद. बेरीज झाली सुमारे १३. म्हणजे सेकंदाला अशी ७५ ते ८० कामं. एका संगणकाला तेवढी पुरत होती. चार भाडेकरू एकाच नळावर आले, की प्रत्येकाच्या वाट्याला येतात वीस! त्यात प्रत्येकाची माहिती डिस्कच्या वेगवेगळ्या भागांत, त्यामुळे सुईची सारखी धावपळ. प्रोसेसर रिकामा आणि तरी सगळं रखडलेलं, असं विचित्र दृश्य यामुळे दिसतं. फिरता भाग नसलेली एस.एस.डी. सेकंदाला अशी हजारो कामं करते. आम्ही दोन सारख्या एस.एस.डी. घेतल्या आणि प्रत्येक गोष्ट दोन्हींवर लिहिली जाईल अशी रचना केली, म्हणजे एक मेली तरी दुसरी चालू राहील.

उरलेल्या पैशांत यू.पी.एस. आणि बाहेर ठेवायची एक मोठी डिस्क घेतली. या डिस्कची गोष्ट पुढे येईल. स्वस्तात मिळणारे कंपन्यांनी काढून टाकलेले मोठे सर्व्हरही पाहिले होते. ते दणकट असतात, पण त्यांचे पंखे शेजारच्या वर्गात ऐकू जातात, आणि विजेचा वरचा हिशेब उलटा होतो. कार्यालयात वापरतात तसा साधा, उभा संगणकच आम्हांला बरा वाटला.

फुकट म्हणजे काय?

आता मूळ प्रश्न: सॉफ्टवेअर कोणतं? यादी करून गुण द्यायला बसलो तेव्हा लवकरच लक्षात आलं, की आमच्या गरजेपुरतं काम सगळीच करतात. चार भाडेकरू चालवणं हे आता कोणालाच जड नाही. फरक आहे तो ‘फुकट’ या शब्दाच्या अर्थात.

एक फुकट असं असतं, की मालकाच्या मर्जीनं मिळतं. व्हीएमवेअरनं आपलं ईएसएक्सआय २००८ साली विनामूल्य उपलब्ध केलं. ते भक्कम होतं, आणि अनेक लहान संस्थांनी ते घेतलं. त्यात एका भाडेकरूला आठच प्रोसेसर, बाहेरच्या बॅकअप सॉफ्टवेअरला दार बंद, अशा मर्यादा होत्या, पण काम चाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही कंपनी ब्रॉडकॉमनं विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विनामूल्य आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा उपलब्ध करण्यात आली. यात कंपनीनं काही गैर केलं असं नाही. वस्तू तिची आहे. मायक्रोसॉफ्टचंही तसंच. त्यांच्या विनामूल्य हायपर-व्ही सर्व्हरची २०१९ ही शेवटची आवृत्ती. तिला जानेवारी २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, पुढे नाही. विकतच्या विंडोज सर्व्हरमध्ये आणि विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आहेच. ज्या संस्थेकडे ते परवाने आधीपासून आहेत तिनं तेच वापरावं, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं फुकट म्हणजे ज्याचा मूळ मजकूरच खुला आहे. तिथेही एखादी कंपनी मन बदलू शकते, पण त्यानं सगळं संपत नाही. झेनसर्व्हरचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या ७.३ या आवृत्तीत, आधी फुकट मिळणाऱ्या काही सोयी फक्त पैसे देणाऱ्यांसाठी राखल्या गेल्या. मजकूर खुला होता, म्हणून फ्रान्समधल्या एका गटानं तोच घेऊन २०१८ मध्ये ‘एक्ससीपी-एनजी’ नावानं वेगळी चूल मांडली. ती आजही चालू आहे. आधीच्या वापरणाऱ्यांना आपले आभासी संगणक घेऊन तिकडे राहायला जाता आलं. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत असं दुसरं घर कोणालाच बांधता येत नाही.

म्हणून आम्ही निवडीचा प्रश्नच बदलला. कशात जास्त सोयी आहेत, हे विचारायचं सोडून उद्या हे सोडावं लागलं तर काय घेऊन बाहेर पडता येईल, असं विचारलं. आभासी संगणकाची डिस्क ही खरं तर एक मोठी फाइल असते, किंवा फाइलीसारखी बाहेर काढता येते. व्हीएमवेअरचा साचा वेगळा, मायक्रोसॉफ्टचा वेगळा, केव्हीएमचा वेगळा. पण ‘क्यूईएमयू’ नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरसोबत एक लहानसं साधन येतं, ते या साच्यांतून त्या साच्यांत बदल करून देतं. म्हणजे वाट बंद नाही. फक्त विंडोजला नव्या घरातली डिस्क आणि नेटवर्क ओळखता यावं म्हणून लागणारे ड्रायव्हर निघण्याआधीच घालून ठेवावे लागतात, नाही तर ते नव्या जागी उठतच नाही.

शेवटी तीन पर्याय उरले. पहिला, साधं डेबियन लिनक्स घेऊन त्यावर केव्हीएम आणि ‘व्हर्ट-मॅनेजर’ ही खिडक्यांची सोय बसवणं. एकच संगणक आणि दोन-तीन भाडेकरू असतील, आणि लिनक्स जाणणारं कोणी शाळेत असेल, तर आमच्या मते हेच पुरेसं आहे. उगीच मोठं काही बसवू नये. दुसरा, एक्ससीपी-एनजी. तो चांगला आहे, पण त्याचं संपूर्ण व्यवस्थापन करणारं सॉफ्टवेअर सगळ्या सोयींसह फुकट हवं असेल तर ते मूळ मजकुरापासून स्वतः उभारावं लागतं. तिसरा, ऑस्ट्रियात तयार होणारं ‘प्रॉक्समॉक्स व्हीई’. हे २००८ पासून आहे. आत डेबियन आणि केव्हीएमच आहेत, वरून ब्राउझरमधून चालवायची व्यवस्था आणि बॅकअपची सोय एकत्र बांधून दिली आहे. कंपनी पैसे घेते ते मदतीचे आणि अधिक तपासलेल्या सुधारणांचे. पैसे न देणाऱ्याला वेगळ्या ठिकाणाहून सुधारणा घ्याव्या लागतात, आणि आत शिरताना दर वेळी ‘आपण वर्गणीदार नाही’ अशी आठवण करून दिली जाते. ती आम्ही रोज मुकाट्यानं वाचतो.

आम्ही हे तिसरं घेतलं. खरं कारण सांगायचं तर, आमचे प्रयोगशाळा-सहायक ते दोन दिवसांत शिकले. आम्ही परगावी असताना रात्री काही अडलं तर बघणार तेच. ज्याला सांभाळायचं आहे त्याला कळेल तेच घ्यावं, ही गोष्ट गुणांच्या तक्त्यात बसत नाही, पण आमच्या मते तिचं वजन सर्वांत जास्त आहे.

प्रॉक्समॉक्समध्ये आणखी एक सोय आहे ती कंटेनरची. वाड्यातलं स्वतंत्र बिऱ्हाड आणि वसतिगृहातली खोली यांत जो फरक, तोच इथे. वसतिगृहात खोली स्वतंत्र, पण खानावळ एकच. तसं कंटेनरमध्ये लिनक्सचा गाभा मालकाचाच वापरला जातो. त्यामुळे स्मृती फार थोडी लागते. आमची हवामानाची नोंद एक जी.बी.मध्ये आरामात चालते. पण खानावळीतलं अन्न बाधलं तर सगळ्यांनाच बाधतं, आणि विंडोजसारख्या वेगळं जेवण हव्या असलेल्या पाहुण्याला इथे जागा नाही.

शिकण्यासाठी, म्हणजे वर्गात रोजच्या संगणकावर एक दुसरा संगणक चालवून दाखवण्यासाठी, यांतलं काहीच नको. व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं. एखादा विद्यार्थी लिनक्स मोडून टाकेल, पुन्हा बसवेल, आणि खऱ्या संगणकाला ओरखडाही उठणार नाही.

आणि एक खर्च, जो फुकटच्या नादात विसरला जातो. वाडा फुकट मिळाला तरी भाडेकरूचा परवाना फुकट होत नाही. जुन्या संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या संगणकापुरताच असतो. तो उचलून आभासी संगणकात घालता येत नाही. आम्हांला विंडोजसाठी वेगळा परवाना घ्यावा लागला, आणि त्यासाठी यू.पी.एस.ची बॅटरी एक आकार लहान घेतली.

आमची चूक

सगळं बसवून झालं. पहिल्या महिन्यात मूडलची नवी आवृत्ती घालायची होती. त्याआधी आम्ही त्या आभासी संगणकाचा ‘स्नॅपशॉट’ घेतला. हा म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवणं. त्यानंतर जे बदलतं ते नव्या जागेत लिहिलं जातं, आणि जुनं तसंच राहतं. नवी आवृत्ती नीट चालली. स्नॅपशॉट काढून टाकायचा राहिला.

शिवाय आम्ही जागेचं वाटप सढळ हातानं केलं होतं. डिस्क एक हजार जी.बी.ची, आणि भाडेकरूंना कागदावर दिलेली जागा त्याहून जास्त. हे चालतं, कारण प्रत्यक्षात वापरली जाते तेवढीच जागा धरली जाते. पण स्नॅपशॉट असल्यामुळे प्रत्येक बदलाला नवी जागा लागत होती. त्यातच कोणीतरी प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती फाइलींच्या संगणकावर चढवल्या. अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, डिस्क काठोकाठ भरली. एकामागून एक भाडेकरूंचं लिहिणं थांबलं. दहा वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती.

घाईत आम्ही पडद्यावरच्या यादीत तो स्नॅपशॉट पाहिला आणि हेच कारण, असं ओळखलं. ते बरोबर होतं. तो काढून टाकायला हवा होता. काढला असता तर जुनी गोठवलेली जागा मोकळी होऊन आजची स्थिती तशीच राहिली असती. आम्ही ‘रोलबॅक’ दाबलं. त्याचा अर्थ बरोबर उलटा: आजचं टाकून द्या आणि त्या दिवशीचं परत आणा. क्षणात जागा मोकळी झाली, मूडल सुरू झालं, आम्ही सुस्कारा सोडला. मग एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, माझा अहवाल दिसत का नाही?” अकरा दिवसांत जमा झालेला एकही अहवाल उरला नव्हता.

बॅकअप? त्यासाठी घेतलेली मोठी डिस्क खोक्यातून काढायचीच राहिली होती. दोन सारख्या एस.एस.डी. आहेत, मग घाई काय, असं वाटलं होतं. पण त्या जोडीनं आमची चूकही इमानानं दोन्ही डिस्कवर लिहिली. डिस्क मेली तर ती जोडी उपयोगी पडते. माणूस चुकला तर नाही. पहिल्या मांडणीत पाच संगणक होते तेव्हा एक पडला तरी चार उभे असत. आता सगळं एकाच टोपलीत आहे, हे आम्ही पुरतं मनावर घेतलं नव्हतं.

विद्यार्थ्यांनी अहवाल पुन्हा लिहिले. काहींच्या वह्यांत कच्ची टिपणं होती, काहींच्या नव्हती. ज्यांच्या नव्हती त्यांना आम्ही प्रयोग पुन्हा करायला दिला आणि गुणांत काही कापलं नाही. दुसरं काय करणार?

आता रोज रात्री दोन वाजता चारही भाडेकरूंची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. तशा दोन डिस्क आहेत. दर शनिवारी एक काढून दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात जाते. डिस्क ८० टक्के भरली की सहायकांना आणि आम्हांला ई-मेल येतो. दर तीन महिन्यांनी एका जुन्या संगणकावर त्यांतली एखादी प्रत चालू करून पाहतो, कारण परत उभी राहते की नाही हे न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच. पहिल्याच अशा चाचणीत विंडोजची प्रत उभी राहिली नाही. बॅकअपच्या यादीत त्याची दुसरी डिस्क घालायचीच राहून गेली होती.

पाचवा संगणक अजून लाकडी मांडणीवर आहे. त्याचा वर्णपटमापक एका जुन्या कार्डामधून बोलतो, आणि तसं कार्ड लावायला नव्या संगणकात खाचच नाही. त्याच्यावर विंडोज एक्सपी आहे, ज्याच्या दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्येच बंद झाल्या. म्हणून त्याची नेटवर्कची तार काढून टाकली आहे आणि मोजमापं पेनड्राइव्हवरून नेली जातात. त्याच्या डिस्कची एक संपूर्ण प्रत काढून कपाटात ठेवली आहे. त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला तर लावायला तसाच एक भाग आम्ही जुन्या बाजारातून तीनशे रुपयांना आणून ठेवला आहे.